ओट्सच्या कुकीजमध्ये ताजी स्ट्रॉबेरी घातली की त्या लिबलिबीत होतात. काय करावं?

स्ट्रॉबेरीत जवळपास ९० टक्के पाणीच असतं, ते भाजताना पिठात उतरतं. बारीक फोडी करून ओव्हनमध्ये १०० अंशांवर तासभर सुकवा; कडा आक्रसल्या आणि बोटाला रस लागेनासा झाला की पुरे. गार करून अगदी शेवटी पिठात हलक्या हाताने मिसळा. सुकवल्याने गोडी वाढते, त्यामुळे साखर थोडी कमी घाला. ओट्स रोल्ड (चपटे केलेले) घ्या (मसाला ओट्सचं पाकीट चुकून उघडू नका!). पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं की लोणी घट्ट होतं, कुकीज पसरत नाहीत. १८० अंशांवर १२-१५ मिनिटं. मधोमध मऊ असतानाच बाहेर काढा, गार होताना घट्ट होतात. कोमट असताना मात्र डब्यात भरू नका, वाफ धरते.