पार्लरचा विमा काढताना आधी खुर्चीवर बसलेल्या बाईचा विचार करा

तुमचा प्रश्न असा आहे, की जुळे सोलापुरात भाड्याच्या गाळ्यात ब्यूटी पार्लर टाकताय, हाताखाली दोन मुली आहेत, मुद्रा लोन झालंय, बँक विमा मागतेय आणि एजंटाने नऊ-दहा कलमांचं 'शॉपकीपर पॅकेज' पुढे ठेवलंय. त्यातलं काय घ्यावं?

मी सात रस्त्याच्या बाजूला बारा वर्षं पार्लर चालवते. विमा विकत नाही, फक्त हप्ते भरते, आणि एकदा तोंडावर आपटलेली आहे. तेच आधी सांगते.

सुरुवातीला मीही लोनच्या कागदांसोबत आलेल्या विम्याच्या फॉर्मवर सही केली आणि निर्धास्त राहिले. मग एका मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली. सोलापूरचा मे तुम्हाला सांगायला नको. खुर्चीवर स्मूदनिंगचं गिऱ्हाईक, केसांना क्रीम लावलेलं, एसी बंद, मी वहीने वारा घालतेय. पाऊण तासाने लाइट आली ती अशी, की ट्यूब एकदम पांढरीफटक पेटली, स्टीमरमधून 'फट्' आवाज आला आणि मागून जळकट वास. एसीचा पीसीबी (आतलं सर्किट बोर्ड), स्टीमर, फेशियलचं मशीन, तिन्ही गेली. क्लेम टाकला तर उत्तर आलं, आग लागलेली नाही, यंत्र आतल्या आत जळलंय, हे पॉलिसीत बसत नाही. मी फोनवर भांडले. मग पॉलिसी काढून वाचली, तर तसं लिहिलेलंच होतं. ज्या यंत्रात शॉर्टसर्किट झालं किंवा जादा व्होल्टेज गेलं, त्या यंत्राचं नुकसान आगीच्या विम्यातून वगळलेलं असतं. त्यातून आग भडकून शेजारची ट्रॉली आणि सोफा जळला, तर त्यांचे पैसे मिळतात. यंत्रासाठी मशिनरी ब्रेकडाउन किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणांचं वेगळं कलम लागतं. तुमच्याकडे एखादं महागाचं मशीन असेल तर तेवढ्यापुरतं घ्या. बाकीच्यांना स्टॅबिलायझर लावा.

आगीचा भाग सोपा आहे. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे, एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर. तिचा मसुदा ठरवून दिलेला असल्याने कंपनी बदलली तरी मूळ अटी त्याच, म्हणून इथे हप्त्यावर आणि क्लेमच्या अनुभवावर कंपनी निवडली तरी चालतं. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दंगल हे त्यात आहेच, शिवाय पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, भरून वाहणंही आहे. हे शेवटचं वाचून हसू नका. आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठे येतं? त्यामुळे प्रत्येक गच्चीवर टाक्यांची रांग, आणि वरच्या मजल्यावरच्याने रात्री नळ उघडा ठेवला की सकाळी तुमचं पीओपीचं छत खाली. पुराचं तर २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीना नदीने जिल्ह्याला दाखवलंच.

रक्कम ठरवताना मात्र बँकेवर सोडू नका. बँकेला तिच्या कर्जापुरतीच काळजी असते. समजा लोन ३ लाखांचं आणि पार्लरमधला माल-सामान ६ लाखांचं. बँकेने ३ लाखांचाच विमा काढला आणि १ लाखाचं नुकसान झालं, तर हातात ५० हजारच पडतात, कारण विमा निम्म्याचाच होता. या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढे कात्री लागते. इमारत घरमालकाची, तिचा विमा त्याने बघावा. पण आरसे, फॉल्स सीलिंग, प्लंबिंग, खुर्च्या तुम्ही केलेल्या आहेत, त्या यादीत हव्यात. बिलं मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. दुकान जळलं तर फाइलही जळते.

चोरीच्या कलमात एक मेख आहे. कुलूप, शटर तोडल्याची खूण असेल तरच ती विम्याच्या भाषेतली घरफोडी. कामावरच्या मुलीने गल्ल्यातून पैसे काढले तर ते यात येत नाही. गिऱ्हाइकाने फेशियलच्या वेळी काढून ठेवलेलं मंगळसूत्रही धरून चालू नका. मी दागिने हातात घेतच नाही, पर्समध्ये ठेवायला लावते आणि पर्स तिच्या मांडीवर. आणि तुम्ही ब्रायडलच्या ऑर्डरी घेणार असाल तर लक्षात घ्या, पॉलिसी गाळ्याच्या पत्त्यावर असते. बार्शीच्या मंगल कार्यालयातून मेकअपची पेटी गेली तर ही पॉलिसी कामाची नाही. त्यासाठी 'ऑल रिस्क' नावाचं कलम वेगळं मागावं लागतं. माझी पेटी आता लाखाच्या घरात आहे, म्हणून मी ते घेते.

आता खरी गोष्ट. दुकान जळणं दहा वर्षांत एखाद्याच्या वाट्याला येतं, पण रंगाने कुणाचा चेहरा सुजणं कुठल्याही मंगळवारी होऊ शकतं. काळ्या हेअर कलरमध्ये बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रसायन असतं आणि काहींना त्याची जबर ॲलर्जी असते. माझ्याकडची एक जुनी गिऱ्हाईक, वर्षानुवर्षं तोच रंग, तोच ब्रँड. एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नवऱ्याने फोटो पाठवला, डोळे उघडत नव्हते. दवाखान्याचं बिल मी भरलं, तिने पुढे काही वाढवलं नाही, हा तिचा चांगुलपणा. सगळ्याच अशा नसतात. दिल्लीतल्या एका हॉटेलमधल्या सलूनने केस चुकीचे कापले म्हणून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये २ कोटींची भरपाई दिली होती. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रक्कम रद्द करून प्रकरण परत पाठवलं, पण कात्रीवरून केस कुठवर जाते ते बघा.

एजंट म्हणेल, पॅकेजमध्ये 'पब्लिक लायबिलिटी' आहे की. असतं. पण ते मुख्यतः ओल्या फरशीवरून कुणी घसरलं, अंगावर बोर्ड पडला, अशा अपघातांसाठी. ट्रीटमेंट करताना झालेली इजा बऱ्याच पॉलिसींत वगळलेली असते, तिला प्रोफेशनल इंडेम्निटी, म्हणजे आपल्या कामातल्या चुकीने झालेल्या इजेचा विमा, लागते. म्हणून एजंटाला ईमेलवर एकच प्रश्न विचारा: "मी केलेल्या कलर, वॅक्स, ब्लीच किंवा केराटिनमुळे गिऱ्हाइकाला इजा झाली तर कंपनी पैसे देईल का, आणि कुठल्या कलमाखाली?" उत्तर लेखी घ्या. तोंडी 'हो मॅडम, सगळं कव्हर आहे' याला काडीची किंमत नाही. फॉर्ममध्ये करता त्या सगळ्या सेवा लिहा. लेझर, सुया टोचण्याची कामं लपवून करणार असाल तर कुठलाही विमा वाचवणार नाही, आणि ती कामं पार्लरची नाहीतही. कलर करायच्या ४८ तास आधी कानामागे पॅच टेस्ट, म्हणजे थोडा रंग लावून ॲलर्जी येते का ते बघणं, वहीत तारीख आणि गिऱ्हाइकाची सही. जुन्या गिऱ्हाइकाचीसुद्धा. "अगं, नेहमीचाच तर रंग आहे" म्हणत बायका कंटाळतात, मी मात्र ऐकत नाही.

पॅकेजमधली सायकल, प्रवासातलं सामान ही कलमं सरळ काढायला सांगा. कोटेशन १८ टक्के जीएसटी धरून मागा, नाहीतर सही करताना आकडा फुगतो. मुलींसाठी निदान बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा योजना चालू करून द्या, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. पैसे मेअखेरीस खात्यातून जातात, तेव्हा खात्यात शिल्लक आहे का ते तुम्हीच विचारा, त्या विसरतात. क्लेम नाकारला आणि कंपनीने तक्रारीलाही दाद दिली नाही, तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही.

आणि पॉलिसी हातात आली की आधी पत्ता वाचा. माझ्या पहिल्या पॉलिसीवर पार्लरच्या जागी माझ्या घराचा पत्ता छापला होता, आणि ते मला क्लेम टाकताना कळलं.