रामराम ठोकायचा की निरोप घ्यायचा?

एका वाचकाने विचारलंय. गडी बरीच वर्षं विराटचा कट्टर फॅन, रोहितवाल्यांशी भांडायला कायम पुढे. मे २०२५ मध्ये आधी रोहित आणि पाचच दिवसांनी विराट, दोघांनीही कसोटी सोडली, तेव्हापासून याचाही त्या भांडणातला रस गेला, म्हणून आता फॅनमंडळींचा निरोप घेणारा मजकूर लिहिलाय तो असा: "मी आज फॅनडमला रामराम ठोकतोय. भूतकाळात केलेल्या चुकांबद्दल क्षमस्व मागतो. कळत नकळत कुणाचं मन दुखावलं गेलं असेल तर झालं गेलं गंगेला मिळालं. चूभूद्याघ्या." बहीण म्हणते 'ठोकतोय' उद्धट वाटतं. खरंय का, आणि बाकीचं ठीक आहे का?

बहिणीचं बरोबर आहे. रामराम हा शब्द मुळात गोडच, भेटतानाही रामराम आणि निघतानाही. तुकोबांच्या नावावरच्या अभंगात 'आम्ही जातो आपुल्या गावा, आमचा रामराम घ्यावा' असं येतं, तिथे समोरच्याने तो 'घ्यायचा' आहे. 'ठोकणे' लागलं की सूरच बदलतो, नोकरीला रामराम ठोकला, पक्षाला रामराम ठोकला, म्हणजे वैतागून, पाठ फिरवून गेला. पेपरच्या मथळ्यात चालतं कारण तिथे तिसरा माणूस बातमी सांगत असतो, पण ज्यांच्यात इतकी वर्षं बसलात त्यांच्याच तोंडावर ठोकलात तर त्यांना लागणारच.

'निरोप घेतो' लिहा. निरोप म्हणजे सांगावा हे सगळ्यांना माहीत आहे, पण जुन्या मराठीत तो आज्ञा, परवानगी या अर्थानेही येतो. म्हणजे निरोप घेणं हे जायची परवानगी घेणं झालं, देणारा मागे थांबणारा. 'रजा घेतो' पण तसंच, अरबीतून आलेला शब्द, मूळ अर्थ संमती. (ऑफिसात आपण रजा 'टाकतो' ते सोडा.)

'क्षमस्व मागतो' मात्र साफ चूक. क्षमस्व हे संस्कृत क्रियापद आहे, अर्थच 'क्षमा कर', ते कसं मागणार? नुसतं क्षमस्व लिहा नाहीतर माफी मागा. पण नुसतं क्षमस्व म्हटलं की मला 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'ची पाटी दिसते, खणलेला रस्ता आणि शेजारी कुणीच नाही. 'दिलगीर आहे'चंही तेच, तो बिचारा शब्द रेल्वेच्या अनाउन्समेंटने पार झिजवून टाकलाय.

आता खरी गडबड पुढच्या वाक्यात आहे. 'कळत नकळत', 'दुखावलं गेलं', 'असेल तर', एका वाक्यात तीन पळवाटा! मराठीत हे फार सोपं पडतं, 'बोललं गेलं', 'तोंडून निघून गेलं', 'हातून घडलं', कर्ता अलगद गायब. खरंच नकळत झालं असेल तर ही रचना छानच आहे, सभेत आभार मानणारे रोज वापरतात. पण तुम्हीच पुढे लिहिलंय की रोहितला 'वडापाव' म्हणणाऱ्यांत तुम्ही होतात आणि समोरून विराटला 'चोकली' (चोक + कोहली, म्हणजे ऐनवेळी कच खाणारा) आलं की डबल जोराने सुरू व्हायचात. (मुंबईच्या पोराला वडापाव ही शिवी कशी काय लागू पडते हे मला आजतागायत कळलेलं नाही.) ते बोललं गेलं नव्हतं, तुम्ही बोलला होतात, आणि चांगलं कळत.

'झालं गेलं गंगेला मिळालं' तर काढाच. अर्थाने बरोबर, पण हे म्हणायचा हक्क ज्याला लागलं त्याचा, ज्याने लावलं त्याने म्हटलं की ते 'आता उगाळत बसू नका' असं ऐकू येतं. चूभूद्याघ्या हिशोबाच्या कागदावरचं, बेरजेत काही चुकलंच तर जास्तीचं परत करू, कमी पडलं ते घेऊ, म्हणजे अनवधानाची चूक आणि दोन्ही बाजूंनी. माहितीपर काही लिहिलं असेल तर खाली जरूर टाका, शिव्यांचा हिशोब त्यात बसत नाही. 'भूतकाळात केलेल्या चुका' व्याकरणाने ठीक पण वास भाषांतराचा, आपण 'मागे' म्हणतो. फॅनडम राहू दे, फॅनगिरीही चालेल, भक्त नको, त्याचा अर्थ आता भलतीकडे गेलाय.

मी असतो तर एवढंच लिहिलं असतं: "मंडळी, निरोप घेतो. रोहितच्या चाहत्यांना मी मागे नको नको ते बोललो, मुद्दाम बोललो. माझं चुकलं, माफ करा."

आणि हो, घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, ती सवय इथे आवरा. कसोटी सोडली तरी वनडे दोघांनीही चालू ठेवली होती, लोक तुमचं 'येतो' खरं धरतील.