डोस वाढवायला सांगू का?

आंब्याची शेवटची पेटी गेली की माझ्याकडे पुरुष यायला लागतात. त्याआधी बागेपुढे स्वतःची तब्येत कुणाला आठवत नाही. देवगडकडचे हे बागायतदारही (वय ४६, ओळख बदलली आहे) जूनच्या पहिल्या पावसात आले. "मॅडम, टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतोय आठ महिने. पहिले दोन महिने झकास. आता परत तोच थकवा, तीच चिडचिड. डॉक्टरांना डोस वाढवायला सांगू का?"

हा प्रश्न मला फार जण विचारतात. मी खाणं-राहणी बघते, डोस ठरवणं माझं काम नाही, म्हणून मी फाइल मागितली. सुरुवात चोख होती: सकाळी उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी रक्त तपासलेलं, दोन्हीदा टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे या पुरुषी हार्मोनची, पातळी कमी. (संध्याकाळी एकदाच तपासून इंजेक्शन घेणारेही भेटतात, ही पातळी दिवस उतरेल तशी उतरतेच.) पुढे मात्र सीझनमध्ये फेरतपासणी राहिली, इंजेक्शन तेवढं गावातल्या ओळखीच्याकडून चालू. आठवड्यापूर्वीचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवलाच नव्हता. त्यात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ५५ टक्के. चोपन्नच्या वर रक्त दाट होऊन गुठळीची भीती असते, तेव्हा डॉक्टर औषध थांबवतात किंवा कमी करतात. आणि हे वाढवायला निघालेले! उद्याच डॉक्टरांकडे जा, म्हटलं.

"घरी माहीत आहे?"

मान खाली. "काय सांगू तिला?"

पुढच्या वेळी दोघं आली. ती बिचारी वर्षभर समजत होती की नवऱ्याचं मन दुसरीकडे लागलंय. रडून झालं, मग सहज म्हणाली, "हे रात्री केवढे घोरतत! मधीच श्वास थांबता, मी हलवून उठवतंय." हे डॉक्टरांना कुणीच सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? जिला ठाऊक होतं तिच्यापासूनच सगळं लपवलेलं.

झोपेत श्वास अडकला की ऑक्सिजन उतरतो आणि शरीर लाल पेशी वाढवतं. टेस्टोस्टेरॉनही तेच करतं. मोडलेल्या झोपेनं रक्तातली साखर चढते, स्वतःचं टेस्टोस्टेरॉन घटतं. यांची कंबर १०४ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० ची मर्यादा सांगतात. पोटावरची चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन (स्त्री हार्मोन) करत राहते, म्हणून वजन उतरलं की काहींची पातळी आपोआप सुधारते.

यांना दोन मुली, पुढे मूल नको होतं. पण ज्यांना हवंय त्यांनी इंजेक्शनाआधी हे विचारावंच: बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूचा वृषणांना जाणारा इशारा मंदावतो, शुक्राणू घटतात.

खाण्यावरून मात्र जुंपली. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात, आणि पावसाळ्यात बसल्या बसल्या चपटी. माशाला मी हात लावला नाही! रात्रीचा भात सुटला, त्याजागी नाचणीची अर्धी भाकरी. चपटी रोजची शनिवारवर आली. दारूनं घोरणं वाढतं हे पटलं, साखरेचं नाही पटलं. पाऊस थांबेल तेव्हा दोघांनी कातळावर चालायचं, आणि तिनं वाटेत उपदेश करायचा नाही, ही त्यांची अट.

डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलं, झोपेची तपासणी करवली, रात्रीचं श्वासाचं मशीन लागलं. थांबवल्याच्या रात्री त्यांचा फोन आला, "म्हणजे मी परत पहिल्यासारखाच?" त्या आठवड्यात आम्ही तीनदा बोललो.

ऑक्टोबरात कंबर ९८, हिमॅटोक्रिट ४९. इंजेक्शन पुन्हा लागेल का, ते सकाळच्या दोन रिपोर्टांवर ठरायचंय. मोहोर येण्याआधी ठरवा, असा त्यांचा हट्ट आहे. फाइल आता तिच्या पिशवीत असते.