शेडरमध्ये (ग्राफिक्स कार्डावर चालणारा, पिक्सेलचा रंग ठरवणारा प्रोग्रॅम) आकडे बरोबर असूनही रंग गडद आणि भलताच का दिसतो? मॉनिटर बदलावा का?

मॉनिटरला हात लावू नका. हा वाद मी नोकरीत असताना घातलाय आणि तेव्हा माझं कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीत होतो. गुजरीतल्या एका सराफांसाठी कोल्हापुरी साज पडद्यावर फिरवून दाखवायचं काम ओपनजीएल या ग्राफिक्स लायब्ररीत चाललं होतं. सोन्याच्या परावर्तनाचे पुस्तकी आकडे दिले होते: लाल १.०, हिरवा ०.७१, निळा ०.२९. जव मणी, पानड्या सगळं सुरेख जमलेलं. सराफ आले, एकदा बघितलं आणि म्हणाले, "हे तांबं हाय. आमच्या दुकानात असलं ठेवत न्हाई."

आमच्या सीनिअर सरांचं मत तयारच होतं. मॉनिटर जुना झालाय, नाहीतर टेक्श्चर (वस्तूवर चढवलेलं चित्र) थोडं पिवळं कर, रंग हा शेवटी डोळ्याचा विषय. मी स्क्रीनशॉट काढला आणि पूर्ण प्रकाशातल्या पानडीचा पिक्सेल वाचला: २५५, १८१, ७४. स्क्रीनशॉट मॉनिटरपर्यंत पोचायच्या आधीच तयार होतो, मग यात मॉनिटरचा दोष कुठून आला? ०.७१ ला २५५ ने गुणलं की १८१ येतात. म्हणजे रेखीय आकडे (प्रकाशाच्या थेट प्रमाणातले) जसेच्या तसे पडद्यावर जात होते. मॉनिटरला एसआरजीबी आकडे (पडद्यासाठी ठरलेल्या वक्रानं बदललेले) लागतात, आणि त्यात तेच सोनं साधारण २५५, २१९, १४७ होतं. सराफांच्या नजरेनं एका क्षणात पकडलेली चूक ती हीच.

मी जीएल_फ्रेमबफर_एसआरजीबी चालू केलं, म्हणजे हे रूपांतर ओपनजीएलच करतं. त्याच दिवशी सरांनी मला न सांगता शेडरच्या शेवटी १/२.२ घाताची ओळ घातली, ती जवळपास तेच रूपांतर करते. रूपांतर दोनदा झालं, सोनं पांढुरकं पडलं, आणि "बघ, तुझ्यामुळं बिघडलं" हे मला सगळ्यांसमोर ऐकावं लागलं. शेवटी दोघांचेही बदल काढून टेक्श्चरच पिवळं केलं गेलं. समोरून सोनं जुळलं, पण साज फिरवला की सावलीकडची बाजू काळीठिक्कर. दिखाऊ दुरुस्तीचं हे असंच होतं, एका कोनातून जमतं आणि दुसऱ्यातून फसतं.

तुम्ही एवढंच करा. शेडरमधून सरळ ०.५ करडा रंग बाहेर काढा आणि पिक्सेल वाचा. १२८ आला तर रूपांतर होत नाही, १८८ आला तर एकदाच होतंय, त्याहून बराच जास्त आला तर दोनदा. मग टेक्श्चर बघा: रंगाचं चित्र जीएल_एसआरजीबी८_अल्फा८ या प्रकारात चढवायचं, नाहीतर प्रकाशाचं गणित चुकीच्या आकड्यांवर चालतं. नॉर्मल मॅप आणि रफनेस मॅपला (पृष्ठभागाचा उंचसखलपणा आणि खरखरीतपणा सांगणारी चित्रं) मात्र ते लावायचं नाही, त्यात रंग नसतोच. थ्री.जेएस ही ब्राउझरमधली ३डी लायब्ररी वापरत असाल तर २०२३ च्या आर१५२ आवृत्तीपासून तिच्या तयार मटेरियलमध्ये शेवटचं एसआरजीबी रूपांतर आपोआप होतं; स्वतः चढवलेल्या रंगाच्या टेक्श्चरला मात्र ते एसआरजीबी आहे हे सांगावं लागतं. जुना कोड नव्या आवृत्तीवर आणल्यावर सगळं फिकट दिसलं, तर आधी तुमच्या शेडरमधली घाताची ओळ शोधा.

लाल आणि निळा अदलाबदल झाले असतील तर हा प्रकार वेगळा. ओपनसीव्ही ही चित्रं हाताळायची लायब्ररी चित्र निळा-हिरवा-लाल या क्रमानं वाचतं. चित्र तिरकं फाटल्यासारखं दिसत असेल तर अनपॅक अलाइनमेंट (चित्राची प्रत्येक ओळ किती बाइटच्या पटीत सुरू होते ते सांगणारी ओपनजीएलची सेटिंग) १ करा, मुळात ते ४ असतं.

आणि हो, मॉनिटर कधीच दोषी नसतो असं नाही. वाइड गॅमट पॅनलवर (नेहमीपेक्षा जास्त रंग दाखवणारा पडदा) लाल भडक दिसतो. मॅकवर स्क्रीनशॉटमध्ये डिस्प्लेचा रंग-प्रोफाइल मिसळतो, तिथं फ्रेमबफरमधून (तयार चित्र साठवलेली मेमरी) थेट वाचा. पण आकडे न वाचता मॉनिटर बदला म्हणणाऱ्याला आधी त्या करड्या चौकोनाचा पिक्सेल किती आला ते विचारा, मग तो कितीही सीनिअर असो.