‘तास’ तासण्यातून आलेला नाही

प्रश्न असा आहे: ‘दिवस तासून काढलेला तुकडा म्हणजे तास. मग काळाचा प्रवाह माणसानेच घडवला, असं म्हणता येईल का?’

प्रवाहाचं नंतर बघू. आधी ही व्युत्पत्ती थांबवा. व्याख्यानांतून ती सर्रास ऐकू येते आणि ती साफ चूक आहे. तासण्याशी नातं असलंच तर नांगराच्या तासाचं, म्हणजे नांगरताना पडणाऱ्या चराचं, आणि ते तास नपुंसकलिंगी. वेळेचा तास पुल्लिंगी, अरबी-फारसीतून आलेला. तिथे त्याचा अर्थ धातूचं भांडं. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात फिरोजाबादेत बसवलेल्या वेळ सांगणाऱ्या यंत्राचं नावच ‘तास-घडियाल’. आपल्याकडेही टोल्याच्या थाळीला तास म्हणत. तेच नाव पुढे वेळेला चिकटलं.

टोला केव्हा द्यायचा हे ठरवणारी घटका, तीही भांडंच! घट, घटिका, घटका. ‘घटना’वरून घटका काढणाऱ्यांनी सूर्यसिद्धान्त हा खगोलशास्त्राचा जुना संस्कृत ग्रंथ उघडावा: बुडाला छिद्र असलेलं तांब्याचं पात्र कुंडातल्या निर्मळ पाण्यावर सोडायचं, ते अहोरात्रात साठ वेळा बुडतं. म्हणजे दर 24 मिनिटांनी. पाणी निर्मळच हवं, कारण छिद्रात कचरा अडकला की घटका लांबते. पाणी कोमट असेल तर ते लवकर शिरतं आणि घटका आखडते.

काही ग्रंथ या पात्रासाठी दहा पळं (इथे पळ हे वजनाचं माप) तांबं, छिद्र पाडायला सोन्याची सुई अशी मापं देतात. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत (1150) ती युक्तिशून्य आणि करायला अवघड म्हणून बाजूला सारली. छिद्र कसंही असो, अहोरात्रात पात्र किती वेळा बुडलं ते मोजा आणि अहोरात्राला त्या संख्येने भागा. एका बुडण्याचं मान मिळालं. तुमच्या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे दिसलेलं नाही. सूर्योदय ते सूर्योदय हे अंतर आपण केलेलं नाही, भाग मात्र आपले. आणि वाहतं ते पाणी.

मराठीचा कलही तसाच आहे. काळाचा ओघ आपण लिहिताना आणतो. बोलताना घटका भरते, दिवस भरतात, वर्ष भरतं, शंभर भरतात. कोशकार याला ‘पूर्ण होणे’ एवढाच अर्थ देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. या भरण्यामागे ते बुडतं पात्रच आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणि घटका म्हणजे तास नव्हे. एका तासात अडीच घटका.