नँटकेटच्या टोपल्यांत निवृत्तीची पुंजी गुंतवावी का?

प्रश्न : आम्ही दोघं बॉस्टनजवळ राहतो. बचत ४२,००० डॉलर, महिन्याचा खर्च ५,५००. नँटकेट बेटावरच्या जुन्या, वेताच्या लाइटशिप टोपल्यांचा एकात एक बसणारा संच लिलावात १२,००० पर्यंत मिळेल. पंधरा वर्षांनी, निवृत्तीच्या वेळी विकायचा विचार आहे. घ्यावा का?

उत्तर : संच घेऊ नका. एखादी टोपली जरूर घ्या.

१८५४ पासून नँटकेटजवळच्या साउथ शोल या उथळ भागातल्या दीपनौकेवर (लाइटशिप, म्हणजे दीपगृहासारखा दिवा घेऊन समुद्रात नांगरलेलं जहाज) महिनोनमहिने अडकून पडलेल्या खलाशांनी ही कला वाढवली. तिला मोल आहेच. अडचण आहे ती खर्चाची. १२,००० च्या बोलीवर लिलावगृहाचे २५ टक्के, म्हणजे ३,०००. त्या १५,००० वर मॅसॅच्युसेट्सचा ६.२५ टक्के विक्रीकर. हाती येईपर्यंत १५,९३७ डॉलर ५० सेंट. विकताना १५ टक्के कमिशन धरलं, तर नुसते पैसे सुटायलाच बोली १८,७५० वर जायला हवी. दरवर्षी ५ टक्के भाव चढला तरी पंधरा वर्षांत तुमच्या पदरात वर्षाला जेमतेम १.९ टक्के पडतात, तेही विमा आणि कर वजा न करता. संग्राह्य वस्तूंच्या दीर्घकालीन नफ्यावर संघीय कर २८ टक्क्यांपर्यंत लागतो, आणि घरात हौसेनं ठेवलेल्या वस्तूवर तोटा झाला तर तो करात वजाही होत नाही.

शिवाय सहा महिन्यांचा खर्च ३३,००० बाजूला ठेवलात, की मोकळे उरतात ९,००० च. या खरेदीनं अडीअडचणीच्या पैशाला जवळपास ७,००० चं भगदाड पडेल.

एकच टोपली घ्यायची तर सगळं धरून ३,००० ची मर्यादा ठेवा. म्हणजे बोली २,२५० ला थांबवा. आधी टोपली उलटी करून पाहा. लाकडी बूड चरकावर गोल केलेलं असतं आणि त्याच्या कडेच्या खाचेत कामट्या बसवलेल्या असतात. लाकूड त्याच्या रेषांच्या आडव्या दिशेनं जास्त आक्रसतं, त्यामुळे जुनं बूड मोजलं तर किंचित लंबगोल भरतं. वेत सर्वांत आधी काठाच्या बांधणीत तुटतो, म्हणून तिथे फिकट, नवा वेत दिसला तर दुरुस्ती झालीय असं समजा. कडी बदललेली असेल तर भाव पडतो. संचांत तर वेगवेगळ्या ठिकाणच्या टोपल्या जुळवून ठेवण्याचा प्रकार फार चालतो : दोन टोपल्यांमधली फट सगळीकडे सारखी नसते, कड्यांचे कान वेगळे निघतात. बुडाला चिकटवलेल्या नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नका.

याच विणीच्या, झाकण असलेल्या पर्सपासून मात्र सांभाळून. तो प्रकार फिलिपिनी कारागीर होसे फोर्मोसो रेयेस यांनी १९४८ मध्ये रूढ केला. तो दीपनौकेवरचा नाही. झाकणावर बऱ्याचदा स्पर्म व्हेलच्या दाताचं कोरीवकाम असतं. १९७२ आणि १९७३ च्या संघीय कायद्यांनी त्याच्या विक्रीवर कडक बंधनं आहेत, आणि भारतात नेताना परवान्यांचा प्रश्न येतो. कागदपत्रं नसतील तर घेऊच नका.

बोलीआधी लिलावगृहाकडून स्थिती-अहवाल लेखी मागवा आणि दुरुस्तीचा उल्लेख नसेल तर तसं थेट विचारा. घेतल्यावर घराच्या विम्यात टोपलीची स्वतंत्र नोंद करा. हिवाळ्यात हीटरजवळ ठेवू नका. वेत कोरडा पडून ठिसूळ होतो.