सिंगापूरचा पीआर (कायम रहिवासी) आहे, एकट्याच्या नावावर शिकवणी चालवतो. मेडिसेव्ह (उपचारखर्चासाठीच्या सक्तीच्या बचतखात्यात भरायची रक्कम) थकलं तर व्यवसाय नोंदणीचं नूतनीकरण अडेल का?

हो, अडेल, पण सगळी थकबाकी एकदम फेडावीच लागते असं नाही. सीपीएफ बोर्डाशी (सिंगापूरचा भविष्य निर्वाह निधी सांभाळणारी सरकारी संस्था) बोलून बँकेतून आपोआप वळते होणारे मासिक हप्ते बांधून घ्या, ते नियमित असले की नूतनीकरण होतं. नोकरदाराचा वाटा मालक पगारातूनच कापतो. स्वतंत्र व्यावसायिकाचा कापणारं कुणी नसल्याने परवान्याशी सांगड घातली आहे. टॅक्सीचालकांनाही हेच लागू आहे. सीपीएफचा नियम असा:

- खर्च वजा जाता व्यवसायाचं वर्षाचं उत्पन्न ६,००० सिंगापूर डॉलरच्या वर गेलं की भरणं सक्तीचं.
- दर वय आणि उत्पन्नावर ठरतो. १८,००० च्या वर उत्पन्न असल्यास पस्तिशीच्या आत ८ टक्के, पन्नाशीपासून १०.५ टक्के.

हा पैसा दंड समजू नका, तो तुमच्याच खात्यात राहतो. आईवडिलांच्या सिंगापूरमधल्या रुग्णालयाच्या बिलालाही वापरता येतो, शिवाय सक्तीच्या रकमेवर करवजावट मिळते. मात्र हे फक्त नागरिक आणि पीआर यांच्यापुरतं. वर्क पासवर असलेल्यांना मेडिसेव्ह नाही.